नागपूरहून खारेगावची गाडी चालवायची आहे: मॉडेल रेल्वे, इंटरनेट आणि ब्रेक

खारेगाव फाटक

नमस्कार मंडळी,

राहायला कळव्याच्या खारेगावात. घरातल्या एका खोलीत आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ स्केलचा लेआउट मांडला आहे. बाहेरचा लूप, आतला लूप, दोघांना जोडणारे सांधे, दोन रुळांचं छोटं यार्ड आणि एक बोगदा. बोगदा अर्थात पारसिकचा, घराजवळचाच. खरा पारसिक १९१६ सालचा, सुमारे १.३ किलोमीटर लांब. एचओचं प्रमाण १:८७, म्हणजे मापात करायचा तर पंधरा मीटर जागा हवी. माझा अर्ध्या मीटरचा आहे, पण तोंडाचं दगडी काम फोटो समोर ठेवून मन लावून केलंय.

गाड्या डीसीसीवर चालतात. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: जुन्या पद्धतीत रुळांना कमीजास्त व्होल्टेज देऊन वेग बदलायचा, त्यामुळे त्याच रुळावरची दोन इंजिनं एकदमच पळायची. डीसीसीत रुळांवर व्होल्टेज कायम असतं, साधारण १५ व्होल्ट, आणि त्याची दिशा सतत उलटसुलट होत असते. उलटण्याच्या वेळेतच आज्ञा दडलेली असते. अर्धा स्पंद ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो 'एक', १०० किंवा त्याहून मोठा असेल तर 'शून्य'. प्रत्येक इंजिनात स्वतःचा क्रमांक असलेला डीकोडर असतो आणि तो फक्त आपल्या नावाची आज्ञा ऐकतो.

माझ्याकडे आर्डुइनो मेगा हा छोटा बोर्ड, त्यावर मोटर शील्ड आणि डीसीसी-ईएक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. रुळांवर आज्ञा पाठवणारं कमांड स्टेशन ते हेच. शेजारी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (थोडक्यात 'पाय') जेएमआरआय हे मॉडेल रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर चालतं. फोनवर इंजिन ड्रायव्हर ॲप. घरातल्या वायफायवर सगळं सुरेख चालतं.

आता मुद्दा. भाची नागपूरला असते, सातवीत आहे. सुट्टीत इथे आली की या खोलीतून हलत नाही. कोणत्या वळणावर कोणता डबा अडखळतो हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. तिला नागपूरहून गाडी चालवायची आहे. व्हिडिओ कॉलवर ती सांगणार आणि मी बटणं दाबणार, असं नको. थ्रॉटल, म्हणजे वेगाचं नियंत्रण, तिच्याच हातात हवं.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवणं) करून पाहिलं, बाहेरून काहीच आत येत नाही. कॅमेऱ्याचंही ठरवायचं आहे. आणि मनात एक धास्ती आहे: मी स्वयंपाकघरात असताना तिकडे नेट अडकलं तर इथे गाडीचं काय होईल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

ऐरोलीकर

पोर्ट फॉरवर्डिंगचं कोडं सोपं आहे. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो जगाला दिसणारा पत्ताच नव्हे. सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेलं असतं, त्याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरचं दार तुम्ही उघडलंत, पण त्याच्यापुढचं कंपनीचं दार बंदच आहे. आपल्याकडे घरगुती कनेक्शन आणि मोबाइल नेट, दोन्हीकडे हे सर्रास असतं.

आणि खरं सांगायचं तर ते बंद आहे हे बरंच आहे. जेएमआरआयचा वायथ्रॉटल सर्व्हर, म्हणजे फोनच्या ॲपकडून आज्ञा घेणारा भाग, १२०९० पोर्टवर बसतो आणि पासवर्ड विचारत नाही. तो घरच्या माणसांसाठी बनवला आहे. तो जगासाठी उघडा टाकलात तर पोर्ट चाचपडत फिरणारा कोणताही प्रोग्रॅम तुमची गाडी हलवू शकेल. हे कधीही करू नका.

टेलस्केल वापरा, लांबची यंत्रं एका खासगी नेटवर्कवर आणणारं सॉफ्टवेअर. आत वायरगार्ड हे व्हीपीएनच आहे, पण दोन्ही टोकं स्वतःहून बाहेर पडून एकमेकांना गाठतात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. पायवर एकदा बसवा, भाचीच्या टॅबवर एकदा बसवा. मग तिचा टॅब जणू तुमच्या घरच्याच नेटवर्कवर आला. 'टेलस्केल पिंग' करून नीट बघा, थेट जोडणी झाली आहे की मधल्या रिले सर्व्हरवरून फिरून जातेय. थेट असेल तर ठाणे–नागपूर अंतर काहीच नाही.

---

मीठबंदर

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण मनापासून विचारते. या खेळण्यातली मजा हाताने डबा रुळावर ठेवण्यात, इंजिनाचा वास घेण्यात नाही का? पोरीच्या हातात आणखी एक स्क्रीन देण्यापेक्षा तिला उन्हाळ्यात महिनाभर बोलवा ना. आमच्या लहानपणी कोपरीच्या पुलावर उभं राहून गाड्या मोजायचो, त्याची सर कशाला येणार?

---

खारेगाव फाटक

@ऐरोलीकर, पत्ता १००.७६ ने सुरू होतोय. म्हणजे तुमचं निदान अचूक. आभार!

@मीठबंदर ताई, तुमचं म्हणणं पटतं. ती सुट्टीत येतेच आणि येत राहील. पण वर्षातले बाकीचे महिनेही आहेत. ती तिकडे वहीत टाइमटेबल आखते: कोणती गाडी कधी यार्डातून काढायची, कुठे थांबवायची. ते कागदावरच राहू नये एवढंच वाटतं. आणि तिला हे कसं चालतं हेही समजून घ्यायचं आहे. हा धागा ती वाचणार आहे.

---

तुर्भे यार्ड

फाटकसाहेब, तुमची धास्ती हाच या धाग्याचा खरा विषय आहे. बाकी सगळं एका संध्याकाळी जुळतं. मी एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांवर, काम करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बहुतेकांना वाटतं, फोनचा संपर्क तुटला की आज्ञा बंद, आज्ञा बंद की गाडी बंद. डीसीसीत अगदी उलट होतं. 'तीन नंबर, वेग ४०' ही आज्ञा फोनने एकदाच दिली तरी कमांड स्टेशन ती रुळांवर पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. तसंच हवं, कारण चाक आणि रूळ यांच्यातला संपर्क क्षणोक्षणी तुटत असतो आणि एखादी आज्ञा हुकली तर पुढची पोचली पाहिजे. पण याचा अर्थ असा की नागपूरचं नेट गेलं तरी खारेगावचं स्टेशन इमानाने 'वेग ४०' म्हणत राहणार. डीकोडरमध्ये सीव्ही ११ नावाची सोय असते (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग), ठरावीक वेळ आज्ञा आली नाही तर थांबण्याची. ती इथे उपयोगाची नाही, कारण डीकोडरच्या दृष्टीने आज्ञा येतच आहेत.

वायथ्रॉटलमध्ये 'हार्टबीट' आहे. ॲपने ठरावीक वेळात सर्व्हरला खूण दिली नाही तर सर्व्हर इंजिन थांबवतो. चांगली सोय आहे, पण ती वेळ सहसा १० सेकंदांच्या आसपास ठेवलेली असते. आता हिशोब करा. खऱ्या ताशी ६० किलोमीटरचा एचओतला वेग म्हणजे ६० भागिले ८७, ताशी ०.६९ किलोमीटर, अर्थात सेकंदाला १९ सेंटिमीटर. दहा सेकंदांत १.९ मीटर. आठ बाय चारच्या प्लायवर बाहेरचा लूप जेमतेम सहा मीटरचा असेल. म्हणजे जवळपास एक तृतीयांश फेरी गाडी कुणाच्याही ताब्यात नसताना मारणार. यार्डाकडे तोंड असेल तर रूळ संपून जमिनीवर.

आणखी एक सापळा आहे तो टीसीपीचा, म्हणजे नेटवर संदेश न हरवता क्रमाने पोचवणाऱ्या पद्धतीचा. नेट तीन सेकंद अडकलं तर त्या काळातल्या आज्ञा हरवत नाहीत, रांगेत साठतात आणि नेट आलं की भराभर पोचतात. पोरीने वेग वाढवला, मग घाबरून कमी केला, मग थांबा दाबलं. हे सगळं इथे तीन सेकंद उशिरा, त्याच क्रमाने घडणार. शिळी आज्ञा ही न आलेल्या आज्ञेपेक्षा धोकादायक असते, कारण ती आत्ताची आहे असं वाटतं.

म्हणून माझं ठाम मत: लांबच्या माणसाने 'थांब' म्हणायची वाट बघूच नये. त्याने 'चालू दे, चालू दे' असं सतत म्हणत राहावं, आणि ते ऐकू येईनासं झालं की रुळाशेजारच्या यंत्राने आपणहून थांबवावं.

---

डाऊन फास्ट

तुर्भे यार्ड यांनी जे शेवटी लिहिलं ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी मध्य रेल्वेत मोटरमन म्हणून झाली. आता निवृत्त आहे, मुक्काम ठाणे पूर्व.

लोकल चालवताना मास्टर कंट्रोलरचं हॅन्डल दाबून धरावं लागतं. त्याला डेडमॅन म्हणतात. माणसाला भोवळ आली, हात सुटला, की मोटरची वीज तुटते आणि ब्रेक लागतात. गाडी चालू ठेवायला हात लागतो, थांबायला काहीच लागत नाही. डब्यांखालच्या एअर ब्रेकचंही तेच तत्त्व. ब्रेक पाइपमध्ये हवेचा दाब आहे म्हणून ब्रेक सुटलेले आहेत. पाइप फुटला, डबे तुटून वेगळे झाले, कुणी साखळी ओढली, दाब उतरला, की ब्रेक लागले. जुन्या, वरखाली होणाऱ्या हाताच्या सिग्नलची (सेमाफोरची) तार तुटली तर वजनाने तो आपोआप 'थांबा' दाखवतो. रेल्वेत हेच पहिल्या दिवसापासून शिकवतात. बिघाड झाला तर तो थांबण्याच्या बाजूने झाला पाहिजे.

तेव्हा फाटक, मुलीच्या टॅबवर वेगाच्या पट्टीबरोबर एक मोठं बटण ठेवा. ते बोटाने दाबून धरलं आहे तोवरच गाडी चालेल. तिलाही मोटरमनसारखं वाटेल, आणि टॅब हातातून पडला तरी काळजी नाही.

दुसरं. सांधा. तुम्ही सर्वो मोटर लावली असेल. ती 'सांधा फिरव' हे ऐकते, पण फिरला की नाही हे सांगत नाही. सांध्याच्या जिभेत (सरकणाऱ्या रुळाच्या टोकात) बारीक खडी अडकली तर सांधा अर्धवट राहतो आणि पहिलंच चाक खाली उतरतं. जवळ उभं असताना डोळ्यांना दिसतं, नागपूरहून दिसणार नाही. खऱ्या रेल्वेत सांधा पुरता बसून लॉक झाल्याची खूण केबिनमध्ये आल्याखेरीज सिग्नल मिळतच नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मायक्रोस्विच बसवा. जीभ टेकली तरच स्विच दाबला जाईल आणि तो दाबला गेला तरच गाडीला पुढे परवानगी. सांगितलेलं आणि झालेलं यांत फरक असतो, आमच्याकडे त्यावर जीव अवलंबून असतात.

---

ऐरोलीकर

काका, हा प्रतिसाद प्रिंट काढून लेआउटच्या खोलीत लावण्यासारखा आहे. +१

---

नेरूळची

कॅमेऱ्याबद्दल लिहिते.

बाजारात मिळणारे घरावर नजर ठेवायचे कॅमेरे घेऊ नका. त्यांचं चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि मग फोनवर येतं, त्यात काही सेकंद सहज जातात. सुरक्षेसाठी ते चालतं, गाडी चालवायला नाही. तीन सेकंदांचा उशीर धरा. वरच्याच हिशोबाने गाडी तेवढ्यात ५७ सेंटिमीटर गेली. म्हणजे फाटकांच्या अर्ध्या मीटरच्या पारसिकमध्ये इंजिन शिरताना भाचीला दिसेल तेव्हा ते पलीकडून बाहेर पडलेलं असेल.

पायलाच कॅमेरा जोडा आणि वेबआरटीसीने, म्हणजे ब्राउझरमध्ये थेट चित्र पाठवायच्या पद्धतीने, चित्र पाठवा. गो-टू-आरटीसी किंवा मीडियाएमटीएक्स, दोन्ही मुक्त आहेत आणि पायवर चालतात. टेलस्केलमधून थेट जोडणी असेल तर उशीर अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवता येतो. ७२० रेषांचं चित्र पुरे, दीड-दोन मेगाबिटमध्ये बसतं. रेझोल्यूशन वाढवून ठसठशीत पण उशिरा येणारं चित्र घेण्यापेक्षा थोडं मऊ पण ताजं चित्र घ्या.

दोन बारीक गोष्टी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर ५० वर ठेवा, नाहीतर खोलीतल्या दिव्यांमुळे चित्रात आडवे पट्टे सरकत राहतात. आणि चित्राच्या कोपऱ्यात पायचं घड्याळ उमटवा, दशांश सेकंदासह. चित्र गोठलं की ते घड्याळही थांबतं. गोठलेलं चित्र आणि उभी गाडी सारखीच दिसतात, घड्याळ नसेल तर फरक कळणार नाही.

कॅमेरा फक्त लेआउटकडे बघेल असा बसवा, दार किंवा पलंग चित्रात नको. आणि माइक बंद ठेवा. ज्या खोलीत घरचे वावरतात तिथे हे आधीच ठरलेलं बरं. डबा रुळावरून उतरतो तो बहुतेक वळणावर किंवा सांध्यावर, म्हणून एकच कॅमेरा असेल तर तो सांध्यांच्या डोक्यावर द्या, स्टेशनच्या देखाव्यावर नको.

---

परदेशस्थ ठाणेकर

नौपाड्यात वाढलो, आता न्यू जर्सीत आहे. धागा वाचून उत्साह आला. इतक्या लांबून चालवणं शक्य आहे का? माझ्या धाकट्या भावाकडे वर्तकनगरला एन स्केलचा लेआउट आहे.

---

तुर्भे यार्ड

शक्य आहे. पण अंतराची किंमत मोजावी लागते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ठाणे ते न्यू जर्सी सरळ अंतर साडेबारा हजारांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन पंचवीस हजार. नुसता प्रकाशालाच १२५ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, वाटेत राउटर असतात, म्हणून प्रत्यक्षात दोनशे-अडीचशे धरा. वर व्हिडिओचा उशीर. एकूण अर्धा-पाऊण सेकंद झाला तर एचओमध्ये दहा ते चौदा सेंटिमीटर. एन स्केल १:१६०, तिथे त्याच खऱ्या वेगाला गाडी जवळजवळ निम्मंच अंतर कापते, म्हणजे तुमचं जरा सोपं.

फलाटावर अचूक थांबवणं मात्र तिथून हाताने जमणार नाही, आणि जमवायचा हट्टही धरू नये. ते काम रुळाखालच्या सेन्सरला द्या. तुम्ही सांगायचं 'पुढच्या स्टेशनवर थांब', आणि गाडी सेन्सरवर आली की इथलंच यंत्र वेग उतरवेल. डीसीसी-ईएक्समध्ये ईएक्सरेल नावाची सोय आहे, सेन्सर लागल्यावर काय करायचं ते त्यात आधीच लिहून ठेवता येतं. लांबचा माणूस निर्णय देतो, नेमकेपणा जवळचं यंत्र सांभाळतं.

याच कारणाने रूळ संपतो तिथे प्रत्येक ठिकाणी एक सेन्सर असावाच. तो कुणाचंही ऐकणार नाही. इंजिन तिथवर आलं की थांबलं.

सेन्सर इन्फ्रारेड घेतलात तर खिडकीतल्या उन्हापासून जपा, ऊन पडलं की तो आंधळा होतो. इंजिनाखाली बारीक चुंबक आणि रुळांच्या मधे हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) हे त्याहून भरवशाचं. फक्त इंजिनच कळतं, सुटलेला डबा कळत नाही.

---

खारेगाव फाटक

शनिवार-रविवार यातच गेला. भाचीही तिकडून जोडीला होती. काय केलं ते सांगतो.

टेलस्केल बसलं, जोडणी थेट झाली. पिंग तीस-चाळीस मिलिसेकंदांत येतो. इंजिन ड्रायव्हर बाजूला ठेवलं आणि पायवर एक छोटं वेबपान केलं, कारण काकांनी सांगितलेलं दाबून धरायचं बटण हवं होतं. तुर्भे यार्ड यांच्या 'चालू दे, चालू दे'साठी असं केलं: पाय दर पाव सेकंदाला एक चढता क्रमांक पाठवतो. बटण दाबलेलं असेल तरच भाचीचं पान तो क्रमांक परत पाठवतं, वेगासह. पाय स्वतःच्याच घड्याळाने बघतो, की परत आलेला क्रमांक आपण कधी पाठवला होता. एका सेकंदाहून जुना असेल तर तो फेकून देतो. ताजा क्रमांक सेकंदभर आलाच नाही तर वेग शून्य. त्यामुळे तिच्या टॅबचं घड्याळ पुढेमागे असलं तरी फरक पडत नाही, आणि रांगेत साठलेल्या शिळ्या आज्ञा आपोआप गळून पडतात.

तिला वायफाय मुद्दाम बंद करायला सांगितलं. गाडी वीसेक सेंटिमीटर पुढे जाऊन थांबली. टॅबवर दुसरं ॲप उघडायला सांगितलं, तरी थांबली. मागे गेलेल्या पानाला ब्राउझर मंद करतो, त्यामुळे खूण बंद पडते. इथे तेच हवं होतं.

एक प्रश्न उरला. हा सगळा पहारा पायवर आहे. पायच अडकला तर?

---

तुर्भे यार्ड

फारच नेटकं केलंत. क्रमांक परत मागवण्याची युक्ती माझ्या डोक्यात होती त्याहून चांगली उतरली आहे.

पाय अडकण्याची शक्यता खरी आहे. मेमरी कार्ड खराब होतं, उकाड्यात तापतो. त्यासाठी पहारेकऱ्यावर पहारेकरी. रुळांकडे जाणाऱ्या तारेत एक रिले टाका. नीट लक्षात घ्या, वीज मिळाली तरच जोडणारा, एरवी तुटलेला. तो सांभाळायला वेगळा छोटा बोर्ड, अगदी स्वस्तातला ईएसपी८२६६ चालेल, आणि त्याला नेटवर्कशी जोडूच नका. पायने एक पिन सतत चालू-बंद करत राहायची. ते बदलणं दोन सेकंद थांबलं की बोर्ड रिले सोडतो आणि रुळांची वीज जाते. नुसतं 'पिन चालू आहे का' बघू नका, अडकलेला पाय पिन चालूच ठेवून बसू शकतो. बदलते आहे का, हे बघा. आणि पिन हलवणारा कोड त्याच प्रोग्रॅममध्ये ठेवा जो भाचीच्या क्रमांकांवर लक्ष ठेवतो. दुसरीकडे ठेवलात तर मुख्य प्रोग्रॅम मेला तरी पिन हलत राहील.

वीज जाऊन आल्यावर काय होतं हेही एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा. डीसीसी-ईएक्स चालू होताना रुळांची वीज बंद ठेवतं, ते तसंच राहू द्या. आणि प्रत्येक इंजिनाचा सीव्ही २९ तपासा. त्यातला ४ किमतीचा बिट म्हणजे साध्या डीसीवर चालण्याची परवानगी. बऱ्याच डीकोडरमध्ये सीव्ही २९ ची एकूण किंमत ६ असते. ती २ करा. नाहीतर काही बिघाडाने रुळांवर सरळ डीसी आलं, तर डीकोडर त्याला वेगाची आज्ञा समजून इंजिन भरधाव सोडतो.

---

डाऊन फास्ट

आणखी एक. उद्या मुलीची मैत्रीण म्हणेल मलाही चालवायचं आहे. एकाच मार्गावर दोन चालक, दोन गावांत. इथे टोकन हवं. एकेरी मार्गावर आमच्याकडे टोकनचे गोळे असायचे. दोन स्टेशनांतली यंत्रं एकमेकांना बांधलेली, एका वेळी एकच गोळा बाहेर निघायचा, आणि तो गोळा हातात असल्याशिवाय गाडी त्या टापूत शिरायची नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्येही प्रत्येक टापूला एक टोकन द्या. ज्याच्याकडे आहे त्याचीच आज्ञा मानायची. संपर्क तुटला तर टोकन लगेच दुसऱ्याला देऊ नका. गाडी त्या टापूतच उभी आहे, ती तिथून हलल्याचं सेन्सरने सांगितल्यावरच टोकन मोकळं करा.

---

ऐरोलीकर

काका म्हणतात ते मोठ्यांनाही लागू. इंटरनेटवर मॉडेल रेल्वे ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाने नव्वदीच्या दशकातच आपली छोटी रेल्वे जगाला वेबवरून चालवायला दिली होती. तेव्हाही अनेकांना एकच गाडी हवी असायची. आपल्याला आज नेट कितीतरी वेगवान मिळतं, प्रश्न तोच आहे.

जाता जाता, रुळांची निगा. जूनपासून आपल्याकडची हवा इतकी दमट असते की आठवडाभर गाडी फिरली नाही तर रूळ काळवंडतात आणि इंजिन अडखळतं. जवळ असाल तर बोटाने ढकलता, नागपूरहून ढकलणार कोण? सत्राआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसा आणि ते पुरतं वाळल्यावरच वीज द्या. इंजिनात कीप-अलाइव्ह कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा) बसवला तर बारीक डाग पार होतात. मात्र लक्षात ठेवा, कपॅसिटर असलेलं इंजिन रिले सुटल्यावरही थोडं पुढे जातं. यार्डाच्या टोकाला तेवढी जागा सोडा.

---

मीठबंदर

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं हा स्क्रीनचाच खेळ आहे. आता सगळे प्रतिसाद वाचले. त्या मुलीला ब्रेकचं हे तत्त्व सातवीत कळणार असेल तर मला फार आनंद आहे. फक्त एक विनंती. घरात मोठं माणूस जागं नसताना रुळांना वीज देऊ नका. वायरी आणि प्लाय एकत्र आहेत.

---

खारेगाव फाटक

@मीठबंदर ताई, अगदी मान्य. रुळांच्या वीजपुरवठ्याचा स्विच हातानेच लावायचा ठेवला आहे, नेटवरून तो चालू होणारच नाही. बंद मात्र कुठूनही होतो. मी किंवा बायको खोलीत येऊन स्विच लावल्याशिवाय सत्र सुरू होत नाही.

रिले आणि ईएसपी बसवला. पायची केबल चालू गाडीत उपटून पाहिली, दोन सेकंदांत रूळ मेले. इंजिनांचे सीव्ही २९ बदलले. मायक्रोस्विच यार्डाच्या सांध्यांना लागलेत, क्रॉसओव्हरचे (दोन लूप जोडणाऱ्या सांध्यांचे) बाकी आहेत, तोवर तो मार्ग सरळच ठेवून भाचीच्या पानावरून त्याचं बटण काढून टाकलंय.

टोकनचा भाग तिने स्वतः लिहायला घेतला आहे, पायथनमध्ये. तिचा एक प्रश्न काकांसाठी, तिच्याच शब्दांत: "गाडी दोन टापूंच्या सीमेवर उभी असेल, इंजिन पुढच्यात आणि शेवटचा डबा मागच्यात, तर मागचं टोकन सोडायचं का?"

---

डाऊन फास्ट

नाही सोडायचं. इंजिन पुढे गेलं म्हणजे गाडी गेली असं नाही. शेवटच्या डब्याला मागे एलव्ही (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) लिहिलेली पाटी असते, रात्री लाल दिवा. गाडी पूर्ण आली याची ती खूण. पाटी दिसली तर मागचा टापू मोकळा, दिसली नाही तर डबा मागे सुटला असं समजून कुणालाही आत सोडायचं नाही.

तेव्हा तुझ्या शेवटच्या डब्याखालीही एक चुंबक लाव, बेटा. इंजिनाचं चुंबक आलं की पुढचं टोकन घेतलेलं असलं पाहिजे. शेवटच्या डब्याचं चुंबक आलं की मागचं सोडायचं. आणि गाडी उलटी चालवलीस तर कोणतं चुंबक आधी येईल, त्याचा कोड आधी लिही, मग मला दाखव.